मोर्शीची समुद्रफळी

समुद्रापासून जमेल तितकं लांब जाऊन समुद्रावरची वस्तू दुरुस्त करायची ज्याला हौस असेल, त्याने मोर्शीला जावं. मुंबईहून निघावं, आगगाडीत एक रात्र अंग चोरून बसावं, अकोल्याला पाहुणचार सोसावा, अमरावतीला मोटार बदलावी आणि संत्र्यांच्या बागांमध्ये धुळीने माखून उतरावं. तिथे "इथे फायबरग्लासची फळी कुठे आहे?" असं विचारलं की माणसं न गोंधळता बोट दाखवतात, "बापूसाहेबाच्या गोठ्यात." मी जाऊन आलो आहे. बाकीच्यांना जाण्याची गरज पडू नये म्हणून हे लिहितो आहे.

माझा धंदा माझगावात नावा दुरुस्त करण्याचा. आधी लाकडी नावा करत असे, गेली पाच-सहा वर्षं फायबरग्लासच्या करतो. म्हणजे काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड घ्यायचं, रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवायचं, त्या रसायनात आधी मोजून हार्डनरचे थेंब घालायचे, आणि सगळं नावेच्या भेगेवर थापायचं. दोन-तीन तासांत ते दगडासारखं घट्ट होतं. हे सारं शास्त्र मी घरी समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे खळ लावून कागद चिकटवायचा. त्यासाठी रोज माझगावला जातोस होय?"

तर या आमच्या कारखान्याला अकोल्याच्या एका वकिलाचं पत्र आलं. त्यांचा मोठा भाचा संत्र्यांचा अभ्यास करायला कॅलिफोर्नियाला गेला होता. तिकडे संत्र्यांच्या बागांना लागूनच समुद्र असल्यामुळे अभ्यास बागेवरून घसरून लाटांवर गेला असावा. त्याने तिथली लाटांवर स्वार होण्याची एक फळी बोटीने मोर्शीला आपल्या धाकट्या बहिणीसाठी पाठवून दिली. ती फळी तडकली होती. कारागीर पाठवावा, ही विनंती. मालकांना वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. पण पत्राबरोबर गाडीचं तिकीटही होतं, आणि तिकीट काढून कुणी थट्टा करत नाही. "जोगळेकर, तुम्हालाही जरा हवापालट होईल," असं म्हणून मालकांनी मला एक डबा रेझिन, एक बाटली हार्डनर आणि काचेच्या कापडाची एक गुंडाळी दिली. जास्त मागू नका म्हणाले. माल परदेशी, परवाने बंद, आणि मोर्शीत समुद्र नाही.

अकोला

वकीलसाहेब स्टेशनवर जातीने हजर होते. मोठा देह, मोठा आवाज, मोठी छत्री.

"पाव्हने, थेट मोर्शी कायले? आधी अकोला पाहा."

"अकोल्यात पाहण्यासारखं काय आहे?"

"आमचं घर," ते म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

घर पाहिलं. मग जेवण पाहिलं. पुरणाचे मांडे होते. ते हातावर पसरून पालथ्या खापरावर भाजताना वकिलीणबाईंचे हात असे चालत होते की मी माझ्या रेझिनच्या हातांकडे बघणं सोडून दिलं. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' असं एकदा म्हणतात. त्याने भिडेने नको म्हटलं की पातेलं आत जातं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. वऱ्हाडात 'नको' हा शब्द लोकांना ऐकूच येत नाही. चौथा मांडा माझ्या पानात पडला तेव्हा मी हात आडवा धरला होता. तो हाताला चाटून पानात पडला.

जेवणानंतर सुपारी कातरत वकीलसाहेबांनी मुद्द्याला हात घातला.

"जोगळेकर, तुमी तठी जा, फळी नीट पाहा, अन् सांगा का हे काम होत नाई."

इतक्या वर्षांत लोकांनी मला, होत नसलं तरी होतं म्हणा, अशी गळ घातलेली आहे. उलट गळ पहिल्यांदाच.

"पण पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

"पाहूनच सांगा ना! पाहू नका असं मी कुठं म्हनून राहिलो?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची भाची विमल वीस वर्षांची. लहानपणी तापात दोन्ही पाय गेले. कुबड्या घेऊन चार पावलं चालते, एरवी तिला उचलून न्यावं लागतं. बागेमागच्या तलावात मात्र ती त्या फळीवर पालथी पडून हातांनी पाणी मारत मैलभर फिरते. आता तिच्यासाठी बार्शीटाकळीचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, जमीनदार, मूलबाळ नाही. त्याची अट एकच, फळी बंद. विमलने नाही म्हटलं, आणि बापाला मुलीपुढे बोलता येत नाही. शेवटी आषाढात फळी दगडावर आपटून तडकली, तेव्हा घरात तह झाला. मुंबईचा कारागीर बोलवायचा. तो फळी नीट करून देईल तर स्थळाचा विषय बंद. तो नाही म्हणाला, तर फळी फोडून चुलीत आणि विमलने बार्शीटाकळीला जायचं.

"म्हंजे तुमच्या एका 'नाई'वर एका पोरीचं कल्याण होऊन राहिलं," वकीलसाहेब म्हणाले. "पुण्याचं काम हाय."

मी "बघतो" म्हणालो. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही. वऱ्हाडात 'बघतो' म्हणजे झालंच समजा. हे मला चार दिवसांनी कळलं.

संध्याकाळी बार्शीटाकळीकर स्वतः आले. चाळिशीचा, मिशा नीट कातरलेला, कडक इस्त्रीचा माणूस. बैठकीत ते लोडाला टेकून बसले आणि मी पाहतो तो काय, लोडावर माझं काचेचं कापड! वकिलीणबाईंनी माझी वळकटी उन्हात घालायला उघडली होती. आत पांढरंशुभ्र, रेशमासारखं चकाकणारं कापड दिसलं, नवरदेव यायचे होते, म्हणून बाईंनी दोन्ही लोडांना नवे अभ्रे चढवून टाकले. काचेच्या कापडाच्या कापलेल्या कडा अंगाला लागल्या की काय होतं हे मला ठाऊक आहे. बार्शीटाकळीकरांना ठाऊक नव्हतं. पहिली पाच मिनिटं त्यांनी आपल्या जमिनीविषयी सांगितलं. पुढची पाच मिनिटं मान खाजवत सांगितलं. नंतर जमीन राहिली आणि खाजवणंच उरलं.

"मले काई अडचन नाई," ते वकीलसाहेबांना म्हणत होते. "पायाचं मी समजू शकतो. बसल्या जागी पोरगी घर पाहीन. पन ते वल्ल्या कपड्यानं पान्यात पडून राहनं, लोकं काय म्हन्तीन?" आणि पाठ खाजवण्यासाठी ते दाराच्या चौकटीला जाऊन घासू लागले. खरं बोलायचं तर माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला घरात बसलेली बायको हवी होती, आणि बसलेली बायको त्याला आयती मिळत होती.

ते गेल्यावर मी कापड उतरवलं. हातभर तुकडा कातर लागून कामातून गेला होता. उरलेल्यावर काम भागवायचं होतं.

अमरावतीवरून मोर्शी

अमरावतीला राजापेठेत विमलचे वडील बापूसाहेब मला घ्यायला आले होते. वकीलसाहेब जितके मोठे, तितके हे बारीक. त्यांनी मला गिलावडा खाऊ घातला. दह्यात बुडवलेला वडा, वर हिरवी चटणी. मी चटणीबद्दल विचारलं, "तिखट आहे का?" "नाई," ते म्हणाले. वऱ्हाडी माणूस तिखटाच्या बाबतीत जे सांगतो ते त्याच्या जिभेपुरतं खरं असतं. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि मी पाणी पीत होतो.

मोर्शीपर्यंत मोटार, तिथून बैलांची हलकी दमणी. दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, फळं नुकती रंगावर आलेली. बापूसाहेब वाटेत एकदाच बोलले. "होईल ना हो?" मी पुन्हा "बघतो" म्हणालो. एकाच शब्दावर मी दोन पक्षांचं वकीलपत्र घेऊन बसलो होतो.

मोर्शी, पहिला दिवस

विमल ओसरीवर संत्र्यांच्या ढिगापुढे बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होती. खांदे एखाद्या सुताराचे असावेत असे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का ते मुंबईचे? मले वाटलं कोनी म्हातारा असन."

"मी बेचाळीस वर्षांचा आहे," मी जरा सुखावून म्हणालो.

"हाव, तेच म्हनलं."

फळी गोठ्यात होती. माणसापेक्षा मोठी, पांढरी पण उन्हाने पिवळी पडलेली, दोन बैलांच्या मध्ये भिंतीला टेकवून उभी. तिच्या नाकाडावर कुंकवाचा टिळा होता आणि मधोमध, जिथे ती तडकली होती, तिथे हळदीचा हातभर पट्टा. मला गंमत वाटली. श्रद्धाळू माणसं, म्हटलं. फोडावर हळद लावतात तशी फळीलाही लावली. मी हळद पुसली, पॉलिश पेपरने कडा घासल्या आणि ओसरीवर जमलेल्या मंडळींना फायबरग्लासवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. फळीच्या पोटात पांढरा, हलका, फेसासारखा फोम असतो. वर काचेच्या कापडाचं कवच. कवच फुटलं की फोममध्ये पाणी शिरतं, आणि फळी जड होऊन बुडते. म्हणून कवच पुन्हा बंद करायचं. मग मी अर्धा डबा रेझिन कालवलं, कापड भिजवलं, थापलं, बोटांनी बुडबुडे काढले. काम इतकं सुबक झालं की मीच दोनदा लांबून पाहिलं.

बापूसाहेबांच्या घरी त्या दिवशी माझ्या सन्मानार्थ रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुचकळायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तूप वाटीने नाही, तांब्याने वाढतात. मी आनंदाने जेवलो. त्या तुपानेच माझा घात केलेला आहे हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

दुसरा दिवस

सकाळी जाऊन पाहतो तो माझं सुबक काम एका कडेने उचललेलं. नखाने ओढलं तर तव्यावरून धिरडं निघावं तसं सगळंच्या सगळं हातात आलं. खाली चिकचिकाट. मी हार्डनरच्या बाटलीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, देवाकडेही पाहिलं. अर्धा डबा रेझिन गेलं होतं.

विमलने तो निघालेला तुकडा माझ्या हातून घेतला आणि हुंगला.

"हे तर घरचं तूप हाय."

मग किसनबुवांना बोलावलं. किसनबुवा हे बापूसाहेबांच्या बैलांचे जुने गडी, सत्तरीचे. बापूसाहेबांपेक्षा बैलांना जास्त मान देणारे. त्यांना कसलाच संकोच नव्हता.

"मंग? पोयाच्या आदल्या दिशी खांदशेकनी नाई का राहत?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून तो शेकतात. वर्षभर जोखड वाहून खांदा सुजतो, कातडं फुटतं, म्हणून. यात मला काही आक्षेप नव्हता.

"बैल नांगर वढते, त्याचा खांद शेकतो. हे फयी पोट्टीले पाठीवर घेऊन तलाव वढते. तिचा खांद फुटला तं तिले काहून नाई शेकाव?"

"पण एकदाच लावलं असेल ना?" मी आशेने विचारलं.

"एक डाव लावून खांद भरते का? दसऱ्यापरेंत रोज भरून राहिलो. भल्लं पेत होती, गरीब! जितकं टाकावं तितकं पेऊन घे."

पीत होती, कारण फोम म्हणजे स्पंजच. भेगेतून सव्वा-दीड महिना रोज कोमट तूप. फळी आतून एखाद्या रोडग्यासारखी भिजली होती, आणि तुपकट पृष्ठभागाला रेझिन कधी धरत नाही. तिकडे स्वयंपाकघरात विमलची आई म्हणाली, "मी म्हनलं, तुपाचं मडकं कमी होऊन राहिलं, म्हंजे पोरगी अन्नावर आली." मुंबईत आम्ही साखरेसाठी रांगेत उभे राहतो, आणि इथे फळीला घरचं तूप पाजत होते. मला संताप आला होता. पण किसनबुवा फळीवरून असा हात फिरवत होते की त्यांना काही बोलणं शक्य नव्हतं. जगात माझा धंदा करणारे बरेच आहेत. फळीची पाठ दुखत असेल, असं वाटणारा मी एकच पाहिला.

बापूसाहेब येऊन उभे राहिले. "मंग? नाई होत का?"

वकीलसाहेबांना हवा होता तो क्षण हाच. मला खोटंही बोलावं लागलं नसतं. फळीत तूप मुरलं आहे, भरायला फोम नाही, रेझिन अर्धं उरलं आहे, कापड अकोल्याला नवरदेवाच्या पाठीखाली गेलं. 'होत नाही' हे वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ते खरंही होतं.

"मामानं सांगतलं असन ना तुमाले?" विमल म्हणाली.

"काय?"

"का नाई म्हना म्हनून."

माझे कान गरम झाले. बापूसाहेब जमिनीकडे बघू लागले, म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"मंग म्हना ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पन फयीकडं पाहून म्हना. मामाकडं पाहून नका म्हनू."

मला त्या वेळी फार उदात्त काही वाटलं असं मी म्हणणार नाही. माझगावच्या कारागिराला तुपाने हरवलं ही बातमी कारखान्यात कशी सांगणार, हेच आधी मनात आलं. पण तिच्याकडे पाहून मला स्वतःची लाजही वाटली. मी म्हणालो, "तूप मुरलेला सगळा भाग कापून काढावा लागेल. पण ती पोकळी भरायची कशाने? हलकं पाहिजे, पांढऱ्या फोमसारखं. पाणी पिणारं लाकूड चालणार नाही."

दारात विमलची आई उभी होती. या फळीची तिच्याइतकी वैरीण घरात नव्हती. फळी दगडावर आपटली त्या दिवशी पोरगी बुडता बुडता वाचली होती, म्हणून. तिने भेगेतून सुटलेला फोमचा तुकडा उचलला, बोटांत दाबला आणि बोलून गेली, "हे तं बाशिंगाच्या भेंडासारखं हाय."

बोलली आणि जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

राजापेठ, तिसरा दिवस

भेंड ही तलावाकाठी वाढणारी वनस्पती. तिचा गाभा पांढराशुभ्र आणि कापसाइतका हलका, त्याची बाशिंगं करतात. राजापेठेतल्या बाशिंगवाल्याने आमच्याकडे आश्चर्याने पाहिलं. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं, त्याच्या आत बाशिंगाची चौकशी करणारं गिऱ्हाईक म्हणजे उतावळंच म्हणायचं.

"लगन कोनाचं हाय, बापूसाहेब?"

बापूसाहेबांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय सांगणार? फळीत भरायचं आहे म्हणून? ते नुसते हसले. वऱ्हाडात मुलीचा बाप बाशिंगवाल्याच्या दुकानात नुसता हसला, तर त्याचा अर्थ विचारायला कुणी थांबत नाही. आम्ही भेंडाची मोळी घेऊन मोर्शीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दमणीत दोन जणांनी बापूसाहेबांचं अभिनंदन केलं. एकाने मलाच नवरा समजून माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. बातमी मोर्शीला थांबली असती तर बरं झालं असतं. ती अकोल्यालाही गेली.

दुपारी आम्ही कामाला बसलो. मी तुपकट फोम खरवडून काढला, पांढरा कोरडा फोम लागेपर्यंत. भेंडाच्या कांड्या विमलने तासून एकीला एक बसवल्या. मी अशी नीट जोडणी आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकडूनही करून घेऊ शकलो नसतो, पण हे मी त्याच्यासमोर म्हणणार नाही. हार्डनरचे थेंब तीच मोजत होती. कापड पुरलं नाही तेव्हा तिने तुकडे असे फिरवून दाखवले की सांधे एकावर एक येणार नाहीत. मला सुचलं नव्हतं. शेवटचा पॉलिश पेपर तिने दोन तास घासला.

घासता घासता ती मान वर न करता म्हणाली, "लोकं गुडघ्याले बाशिंग बांधून बसतात. माहे गुडघे तं कामाचे नाईत. म्हनून फयीले बांधलं."

किसनबुवा हसले. आईने पदर तोंडाला लावला, आणि ती हसत नव्हती. मी भेंडाची एक कांडी उगाचच पुन्हा तासली.

"तुम्हाला खरंच जायचं नाही का बार्शीटाकळीला?" मी विचारलं. परक्या माणसाने विचारू नये ते प्रवासात विचारता येतं.

"ते मानूस वाईट नाई," ती म्हणाली. "मामाबी नाई. पन सगळे मले उचलून कुठं तरी ठेवाचं पाहून राहिले. पान्यात मी जाते तठी मीच जाते. एवढंच हाय माहं. मंग ते कसं देऊ?"

चौथा दिवस

सकाळचं ऊन पडेपर्यंत मी थांबलो. पट्टीवर बोटाने ठोकून पाहिलं; आवाज कोरडा, टणक. कडा नखाने ओढून पाहिली, आली नाही. तरी मला खात्री नव्हती. भेंड भरलेली फळी मी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती, आणि तलाव मध्यभागी खोल होता. आईने मला एकदाच विचारलं, "बुडन का?" मी "नाही" म्हणालो. 'बघतो' म्हणायची ती वेळ नव्हती.

बापूसाहेब आणि किसनबुवांनी विमलला उचलून काठावर आणलं. उचललेली असताना ती कुणाकडेही बघत नव्हती. फळीवर पालथी पडली, दोन्ही हात पाण्यात घातले, आणि पाच-सहा झपाट्यांत ती आमच्यापासून इतकी दूर गेली की मला आधी कळलंच नाही ही तीच मुलगी आहे. फळी सरळ, हलकी, पाण्यावर. मी बाहीने डोळे पुसले. हे लिहिताना मला लाज वाटत नाही; कारखान्यात मात्र धूळ गेली होती असंच सांगणार आहे.

तेवढ्यात मागून मोठा आवाज आला.

"वा, भाऊजी! बाशिंगं घेतली अन् आमाले कळवलंबी नाई!"

वकीलसाहेब छत्रीसकट येत होते. बातमी ऐकून ते पहिल्या मोटारीने निघाले होते, आणि येताना पेढ्यांचा पुडा आणि बार्शीटाकळीकरांना घेऊन आले होते. बार्शीटाकळीकरांच्या मानेवर अजून लाल चट्टे होते. दोघांची नजर तलावाकडे गेली, आणि पेढ्यांचा पुडा हळूहळू खाली आला.

"जोगळेकर," वकीलसाहेब म्हणाले, "तुमी 'बघतो' म्हनले होते."

"बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी माझा नाद सोडला आणि काठावर जाऊन हाक मारली. "विमल! बाहेर ये! पाव्हने आले हायेत, तुह्याशी बोलाचं हाय!"

तलावाच्या मधोमध ती थांबली. हातांवर जोर देऊन फळीवर उठून बसली. पाय दोन बाजूंना पाण्यात सोडलेले, पाठ ताठ. उभी राहिलेली माणसंही इतकी ताठ नसतात.

"मामा!" तिचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "बोलाचं असन तं अठी येऊन बोला! तठी तं नेहमी तुमीच मले उचलून आनता!"

काठावर आम्ही सहा जण होतो. बारा धडधाकट पाय. वकीलसाहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. बार्शीटाकळीकर हळूच म्हणाले, "मले पोहता येत नाई." वकीलसाहेब ओरडले, "मंग मले कुठं येते!" मग ते बापूसाहेबांकडे वळले. "भाऊजी, बलवा तिले. तुमचं ऐकन."

बापूसाहेबांनी धोतराचा सोगा हातात धरला, सोडला, पुन्हा धरला.

"ते म्हनून राहिली का अठी येऊन बोला," ते म्हणाले. "जा ना मंग तुमी."

चार दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. वकीलसाहेबांनीही बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ऐकला असावा.

मग सगळे थांबले. विमलच्या आईने भाकरी आणि झुणका काठावरच आणला आणि पाहुण्यांना 'नको' म्हणू न देता वाढला. बार्शीटाकळीकर जेवले. जेवता जेवता त्यांचं लक्ष सारखं तलावाकडे जात होतं. हात धुऊन ते बापूसाहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "तिले तठून कोनी आनू नये. मी निंगतो." मला तो माणूस त्या क्षणी आवडला. वकीलसाहेब छत्री उचलून त्यांच्या मागोमाग गेले. माझ्याशी बोलले नाहीत. पेढ्यांचा पुडा मात्र विसरले, की ठेवून गेले, सांगता येत नाही.

ती तशीच पाण्यावर होती. ऊन कलत चाललं होतं. आई दोनदा म्हणाली, "आता ये व माय," पण हाक इतकी हलकी होती की ती ऐकू जावी अशी तिची इच्छा नसावी. शेवटी लांबून, संत्र्यांच्या बागांपलीकडून, अमरावतीच्या मोटारीचा हॉर्न ऐकू आला. तो ऐकून विमलने फळी वळवली आणि काठाकडे आली. मी वाकून पट्टीवर हात फिरवला. आत थेंबभर पाणी नव्हतं.

"गेले का?" तिने विचारलं.

"गेले," बापूसाहेब म्हणाले, आणि तिला उचलायला दोन्ही हात पुढे केले.

"मंग होऊ द्या अजून एक चक्कर," ती म्हणाली, आणि त्यांचे हात तसेच ठेवून वळली.